सीलबंद 'हूड': एका डब्याची उकल

प्रकरण एका डब्याचं आहे. एअरफिक्स कंपनीचा, १/६०० प्रमाणातल्या 'एचएमएस हूड' या ब्रिटिश युद्धनौकेचा जुना प्लॅस्टिक किट, म्हणजे सुटे भाग जोडून नौकेची प्रतिकृती करायचा संच. माझ्या एका स्नेह्यांनी तो घेतला तेव्हा त्यांना सांगितलं गेलं होतं की डबा जुन्या छपाईचा आहे, कारखान्यातून निघाला तसा सीलबंद आहे आणि आतले सगळे भाग शाबूत आहेत. छपाईची गोष्ट खरी निघाली, सीलची खोटी. भाग सगळे होते हेही खरंच निघालं, पण ते कसे होते हे कळायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या.

स्नेही निवृत्त डायमेकर आहेत. प्लॅस्टिकचे भाग ओतायचे पोलादी साचे बनवण्यात त्यांची उमर गेली. संग्रहाला लागून त्यांना पाचच वर्षं झाली असतील. त्यांचा मला पहिला प्रश्न साधा होता. "हा उघडू की नको?"

संग्राहकांमध्ये या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे: नको. सीलबंद डब्याची किंमत सीलमध्ये असते, सील तुटलं की ती गेली. मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. सील म्हणजे आतल्या वस्तूबद्दल कोणीतरी केलेलं विधान आहे आणि ते तपासायची सोय त्या विधानातच बंद करून टाकलेली असते. पण डबा माझा नव्हता. म्हणून ठरवलं, आधी न उघडता जेवढं वाचता येईल तेवढं वाचू.

बाहेरून

'हूड'बद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर या डब्यामागे लोक का लागतात ते कळणार नाही. १९२० मध्ये ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर, चार टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या चिलखती बुरुजांमध्ये, १५ इंची आठ तोफा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश आरमार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तीच यायची. २४ मे १९४१ रोजी डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत तिच्या मागच्या बाजूच्या दारूकोठारात स्फोट झाला आणि काही मिनिटांत ती बुडाली. जहाजावर १४१८ माणसं होती, वाचली तीन. ज्यांच्या मनात ही गोष्ट घर करून बसते, त्यांच्यासाठी तिचा किट हे निव्वळ खेळणं राहत नाही.

एअरफिक्सने युद्धनौकांच्या मुख्य मालिकेसाठी १/६०० हे एकच प्रमाण धरलं, ही त्या मालिकेची मोठी जमेची बाजू. सुरुवातीच्या काळात बरेच उत्पादक ठरावीक मापाच्या डब्यात बसेल एवढं जहाज करत. रेव्हेल या अमेरिकी कंपनीच्या १९५३ च्या 'मिसूरी' युद्धनौकेचं प्रमाण १/५३५ असं विचित्र आहे ते त्यामुळेच. अशा दोन जहाजांना शेजारी ठेवलं तर कोण मोठं, कोण छोटं काही कळत नाही. १९७१ मध्ये जपानमधल्या शिझुओकाच्या चार कंपन्यांनी, तामिया, आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी यांनी, १/७०० ची मालिका आपसांत वाटून घेतली तेव्हा आख्खं आरमार एका फळीवर मांडायची सोय झाली. एअरफिक्सच्या १/६०० मध्ये ती सोय आधीपासून होती. त्या हिशेबाने 'हूड' ४४ सेंटीमीटरला जराशी कमी भरते.

आता डबा. झाकणावर एअरफिक्सचं १९७० च्या दशकात आलेलं गोल बोधचिन्ह नव्हतं. म्हणजे झाकण त्याआधीचं. इथपर्यंत सांगणाऱ्याचं बरोबर.

मग मी डबा दिव्याखाली आडवा धरला आणि कोपरे पाहिले. चारांपैकी दोन कोपऱ्यांवर छापील रंग झिजून आतला पांढुरका पुठ्ठा दिसत होता. एका कडेला पुठ्ठा किंचित दबलेला. त्यावरची प्लॅस्टिकची फिल्म मात्र त्याच कोपऱ्यांवर गुळगुळीत, ताणलेली, कुठेही ओरखडा नाही. दुसरं, झाकणाच्या उजव्या खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक चौकोन बाकी झाकणापेक्षा गडद होता. तिथे कधीकाळी चिकटपट्टी किंवा किमतीचं लेबल होतं आणि ते निघून गेलं होतं. लेबलाची ती सावली फिल्मच्या खाली होती.

मी स्नेह्यांना भिंग दिलं आणि काही न बोलता थांबलो. त्यांनी कोपरा पाहिला, लेबलाची जागा पाहिली, परत कोपरा पाहिला.

"झीज आधीची, आवरण नंतरचं," ते म्हणाले.

एवढं पुरेसं होतं. झाकण झिजलं, लेबल लागलं, उन्हाने बाकीचं झाकण फिकटलं, लेबल निघालं, आणि या सगळ्यानंतर कोणीतरी डब्याला नवी फिल्म चढवली. जुन्या डब्याला धुळीपासून जपायला फिल्म चढवणं यात गैर काही नाही. मी स्वतः चढवतो. गैर आहे ते चढवलेल्या फिल्मला कारखान्याचं सील म्हणणं.

आणखी एक चाचणी केली. डबा हळूच एका बाजूला कलवला. भाग स्प्रूवर, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीत ते ओतलेले असतात तिच्यावर असतील तर चौकटी सरकल्याचा एकसंध आवाज येतो. इथे तो आला, पण त्यामागोमाग बारीक खुळखुळही आली. काही भाग सुटे होते. वाहतुकीत भाग स्प्रूवरून तुटतात, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नव्हतं. पण आता उघडायचं की नाही हा प्रश्न उरला नव्हता. जे जपायचं म्हणून डबा बंद ठेवायचा, ते सीलच मुळात नव्हतं.

आतून

फिल्म तळाच्या बाजूने पात्याने कापली. टेबलावर पांढरी चादर पसरली होती. १/६०० च्या किटमधला भाग जमिनीवर पडला तर तो गेला असं समजायचं. प्रत्येक थर उचलण्याआधी फोटो काढला, कारण कोणती वस्तू कशावर होती हाही पुरावा असतो.

सर्वांत वर जोडणीचा कागद. चित्रांचा, बाणांचा, अनेक भाषांमध्ये सूचना असलेला. त्यावर हम्ब्रॉल कंपनीचं नाव आणि इंग्लंडमधल्या हल या शहराचा पत्ता. इथे कंपनीचा इतिहास कामाला येतो. १९३९ मध्ये निकोलस कोव्ह यांनी सुरू केलेली एअरफिक्स १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रँड आणि साचे जनरल मिल्सच्या पॅलिटॉय या कंपनीकडे गेले, १९८६ मध्ये ते हम्ब्रॉलकडे आले आणि २००६ मध्ये हॉर्नबीने घेतले. साचे तेच, मालक बदलत गेले. म्हणून जुन्या किटचं वय ठरवताना भागांपेक्षा कागदावरचा पत्ता जास्त खरं बोलतो. भागाच्या आतल्या बाजूला वर्ष कोरलेलं असलं तरी ते साच्याचं असतं, ओतणीचं नव्हे. चाळीस वर्षांनी त्याच साच्यातून निघालेल्या भागावरही तेच वर्ष उमटतं. नवे संग्राहक इथे हमखास फसतात.

तर कागद १९८६ नंतरचा आणि झाकण त्याच्या कितीतरी आधीचं. स्नेह्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "थांबा, अजून खाली जाऊ."

त्याखाली सांगाड्याचे, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगाचे, दोन अर्धे भाग, डेक आणि मोठ्या चौकटी. त्यांचा राखाडी रंग निळसर. कडा स्वच्छ. एका बाजूला लहान नौका आणि विमानविरोधी तोफांची चौकट, तिचा राखाडी रंग पिवळटपणाकडे झुकलेला. हा फरक दिव्याच्या उजेडात दिसला नव्हता, दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी नेल्यावर दिसला. वेगवेगळ्या काळातल्या ओतणीत रंग थोडाफार बदलतो, त्यामुळे एकाच डब्यात दोन छटा दिसल्या की कान टवकारायचे.

पिवळट चौकटीवर फ्लॅशही भरपूर होता. साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या फटीतून वितळलेलं प्लॅस्टिक निसटतं आणि भागाच्या कडेला पापुद्र्यासारखं राहतं, तो फ्लॅश. याबाबतीत मी ऐकायची भूमिका घेतली, कारण समोरच्याने आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांनी सांगितलं की पोलादाच्या दोन पृष्ठभागांची मिटणारी कड हजारो वेळा आपटून हळूहळू गोलसर होते. मग बंद साचाही पुरता बंद राहत नाही. पण मशिनचा दाब कमी पडला तर नव्या साच्यातूनही फ्लॅश येतो. "फ्लॅश दिसला म्हणजे ओतणी नंतरचीच, असं छातीठोक सांगू नका. रंग, कागद आणि फ्लॅश तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच बोला." मी इतकी वर्षं फ्लॅशला एकट्याला साक्षीदार धरत आलो होतो. ती चूक त्या संध्याकाळी सुधारली.

त्या पापुद्र्याची जाडी त्यांनी मायक्रोमीटरने मोजली. साधारण ०.१३ मिलिमीटर. मी सहज सहाशेने गुणलं आणि गप्प झालो. जहाजावर ते ७८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच होतं. 'हूड'च्या डेकवरचं चिलखत जिथे सर्वांत जाड होतं तिथेही ते तीन इंचच होतं. बाजूचा मुख्य चिलखती पट्टा बारा इंचांचा, प्रमाणात अर्धा मिलिमीटर. वरून येणाऱ्या गोळ्यांपुढे ती किती उघडी होती हे मी अनेकदा वाचलं होतं. नखाने सोलून निघणारा पापुद्रा चिमटीत धरल्यावर ते पहिल्यांदा समजलं.

तळाशी, दमटपणाने पुठ्ठ्याला चिकटलेला, दुसरा कागद होता. तो जुना. लंडनमधल्या वॉन्ड्सवर्थच्या हॅल्डेन प्लेसचा पत्ता, जिथे मूळ एअरफिक्स होती. एक कोपरा फाटलेला, घडीवर चिरा. आणि एका लिफाफ्यात सुटे भाग: एक टरेट, काही तोफांच्या नळ्या, एक डायरेक्टर (तोफांचा नेम ठरवणारं यंत्र). ते स्प्रूवरून नीट कापून, खुणा घासून ठेवलेले. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने भागांचे दोन क्रमांक आणि त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा.

हे क्रमांक जुन्या कागदावर शोधले. दोन्ही पिवळट चौकटीवरचे भाग निघाले.

काय घडलं असावं

पुरावे जोडले तर गोष्ट अशी दिसते. पूर्वीच्या मालकांकडे जुना किट होता. दोन बारीक भाग हरवले किंवा मोडले. त्यांनी झाकणात क्रमांक टिपून ठेवले. पुढे कितीतरी वर्षांनी त्याच साच्यातून निघालेला हम्ब्रॉलच्या काळातला किट मिळाला, त्यातली हवी ती चौकट आणि नवा कागद त्यांनी जुन्या डब्यात ठेवला आणि क्रमांकांपुढे खूण केली. लिफाफ्यातला टरेट कदाचित तिसऱ्याच एखाद्या किटचा, कारण त्याची छटा दोन्हींशी जुळत नव्हती. हे सगळं जोडायचं म्हणून चाललं होतं, विकायचं म्हणून नाही. विकणारा झाकणात क्रमांक लिहून ठेवत नाही.

फिल्म चढली ती त्यांच्या पश्चात, संग्रह हातोहात फिरला तेव्हा. ज्यांच्याकडून डबा आला त्यांनी तो ठोकात घेतला होता, आणि आम्ही फोटो पाठवल्यावर त्यांनी डबा परत घ्यायची तयारी लगेच दाखवली. त्यांनी जाणूनबुजून फसवलं असं मला वाटत नाही. त्यांनी फिल्म पाहिली आणि सीलबंद म्हटलं, कोपरा पाहिला नाही.

अशा जोडजमवीचे डबे या छंदात इतके का सापडतात, यालाही कारण आहे. लोक किट जोडून टाकत पण झाकण जपून ठेवत. झाकणावरचं चित्र हेच अनेकांचं पहिलं प्रेम असे. रॉय क्रॉस यांनी १९६४ पासून दहा वर्षं एअरफिक्सच्या डब्यांसाठी चित्रं काढली, आणि उसळत्या लाटा, धूर, तोफांच्या ज्वाळा यांनी भरलेली ती झाकणं कित्येकांनी भिंतीवर लावली. पुढे खेळण्यांवर हिंसा नको म्हणून जुन्या चित्रांतले बॉम्ब आणि आगी पुसल्या गेल्या, तेव्हा जुन्या झाकणांची किंमत आणखी वाढली. म्हणजे रिकामी झाकणं पुष्कळ, झाकण नसलेले किटही पुष्कळ. ही दोन टोकं कधीतरी जुळणारच. जुळवण्यात मला काही वावगं दिसत नाही, फक्त काय कुठून आलं ते लिहून ठेवलेलं असावं.

परत की जोडणी

डबा परत करणं सरळ होतं. स्नेह्यांनी एक रात्र मागून घेतली आणि त्या रात्री ते तळाचा जुना कागद वाचत बसले.

जुन्या एअरफिक्सच्या कागदांत एक गोष्ट होती जी नंतर गेली. प्रत्येक पायरी वाक्यात लिहिलेली आणि प्रत्येक भागाला नाव. अमुक क्रमांक तमुक जागी लावा एवढंच नाही, तर हा बार्बेट, हा कॅप्स्टन, हे पॅरावेन. जोडता जोडता माणूस जहाजाची भाषा शिकायचा. नंतरच्या कागदांवर एका कागदात अनेक देश सांभाळायचे म्हणून शब्द गेले, क्रमांक आणि बाण राहिले. कारण समजतं, पण माझ्या मते त्यात फार मोलाचं काहीतरी हरवलं. सकाळी स्नेह्यांचा फोन आला. "परत नाही करणार. या कागदावरून जोडायचंय."

मी मनापासून हो म्हटलं.

सांगाड्याचा एक अर्धा भाग केळ्यासारखा वाकला होता. वर्षानुवर्षं डब्यांच्या चळतीखाली, उष्णतेत राहिलं की हे होतं. किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, शंभर अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, म्हणून उकळतं पाणी कधीच वापरायचं नाही, भाग हातातच गळतो. साधारण साठ अंशांच्या पाण्यात धरून, सपाट काचेवर दोऱ्याने हलकं बांधून, गार होऊ देऊन, पुन्हा तेच. चार वेळा करावं लागलं. घाईने एकदाच जोर लावला असता तर जुनं प्लॅस्टिक तडकलं असतं.

डेकलबद्दल, म्हणजे पाण्यात भिजवून भागांवर चिकटवायच्या छापील खुणांबद्दल, 'हूड'मध्ये फारसं काही करायचं नव्हतं. पण ज्यांच्याकडे जुने डेकल आहेत त्यांच्यासाठी: पिवळे पडलेले डेकल खिडकीच्या काचेला आतून उन्हात लावून ठेवले की काही आठवड्यांत उजळतात, आणि पाण्यात टाकण्याआधी त्यावर पारदर्शक वॉर्निशचा एक हात द्यायचाच, नाहीतर पाण्यात त्यांचे तुकडे होतात.

मतभेद एकाच ठिकाणी झाला. स्नेह्यांना बाजारात मिळणारे कोरीव पितळी कठडे लावायचे होते. मी नको म्हणालो. कठड्याची एक सेंटीमीटर जाड सळई १/६०० ला ०.०१७ मिलिमीटर होते. पितळेचा कठडा कितीही बारीक असला तरी त्यापेक्षा कितीतरी जाड असतो आणि त्या काळच्या साध्या, ठसठशीत ओतणीशेजारी परका दिसतो. १५ इंची तोफेचं तोंडच प्रमाणात ०.६ मिलिमीटर आहे. साच्याने ते दाखवायचा प्रयत्नही केला नाही, नळ्या भरीव आहेत. किट जसा होता तसा दिसू द्यावा, असं माझं म्हणणं. दोन दिवसांनी कठडे न लावायचं ठरलं.

सांगाडा द्रव सिमेंटने, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या पातळ गोंदाने जोडला. दोन कडा जुळवून धरायच्या आणि ब्रशचं टोक फटीला टेकवायचं, की द्रव आपोआप आत ओढला जातो, कडा विरघळून एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून जातो. जुन्या काळी नळीतलं घट्ट सिमेंट वापरत. ते जास्त वेळ ओलं राहतं आणि प्लॅस्टिक मऊ ठेवतं. लिफाफ्यातला तिसऱ्या छटेचा टरेट त्यानेच जोडलेला होता. आम्हाला ते कळलं कारण त्याच्या छतावर एक बोट उमटलं होतं. मऊ पडलेल्या प्लॅस्टिकवर कोणीतरी टरेट धरून ठेवला असणार, आणि बोटाच्या रेषा तशाच कडक झाल्या. भिंगाखाली त्या मोजता येत होत्या.

स्नेह्यांनी पॉलिशपेपर हातात घेतला होता. तो खाली ठेवला.

झाकणाच्या आत आता एक चिठ्ठी आहे, पेन्सिलीच्या त्या दोन क्रमांकांच्या बाजूला, त्यांना न झाकता लावलेली: "झाकण गोल बोधचिन्हाच्या आधीचं. सांगाडा, डेक व मोठ्या चौकटी बहुधा याच डब्याच्या. नौका व लहान तोफांची चौकट १९८६ नंतरच्या किटमधली, त्याचा कागदही आत. एक टरेट तिसऱ्या किटचा. फिल्म नंतर चढवलेली, आम्ही कापली." खाली तारीख. कापलेली फिल्म घडी करून डब्यातच ठेवली आहे.

गडद राखाडी रंगाचा पहिला हात मागच्या आठवड्यात झाला. टरेट अजून चिकटवलेले नाहीत, नुसते बसवून पाहिलेत, फिरतात. बोटाचा ठसा असलेला टरेट एक्सच्या जागी, म्हणजे मागच्या दोन टरेटपैकी वरच्या जागी बसवला आहे. त्याच्या छतावर रंग पातळ दिलाय.